शिकलेले शिकवता आले पाहिजे

आमच्या वस्तीतला एक मुलगा एम.ए. झाला, नेट पास झाला, पीएच.डी.ला नाव नोंदवले. कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळाले तेव्हा त्याच्या आईने घरोघर पेढे वाटले. महिन्याभराने तो आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, विषय मला येतो, पण वर्गापुढे उभा राहिलो की शब्द फुटत नाही. मागच्या बाकावरची मुले उठून जातात."

आम्हाला आमचे दिवस आठवले. दिवसा नोकरी, रात्री कॉलेज करून आम्ही बी.कॉम. झालो. आमचे एक प्राध्यापक मोठे विद्वान, पण पिवळ्या पडलेल्या वहीतून नुसते वाचून दाखवत. त्या विषयात कितीतरी मुले गळाली. ज्याच्या घरी समजावून सांगणारे कोणी नाही, त्याला वर्गातच समजले पाहिजे. म्हणून आपल्या मुलांना चांगला प्राध्यापक मिळणे हा आपला जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

नेट परीक्षेत वर्गावर शिकवून दाखवावे लागत नाही. कॉलेजात शिकवायला बी.एड.ही लागत नाही. मग शिकवायला शिकायचे कुठे?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत संशोधन करणारे विद्यार्थीच खालच्या वर्गांचे तास घेतात. त्यांना तयार करायला तिथे खास केंद्रे असतात. मिशिगन विद्यापीठाचे केंद्र १९६२ साली निघाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली. पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, चुका ऐकून घ्यायच्या, तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा.

आपल्याकडेही यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापन-लेखनाचे प्रशिक्षण घ्यायचे आहे. आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, तपासणी असे कामही त्याला देता येते. हे आपल्या मुलांना माहीत असते का?

त्या मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. विद्यापीठात जाऊन या प्रशिक्षणाची चौकशी कर. आणि तोवर रविवारी विहारातल्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना शिकव. पाठ संपला की त्यांनाच विचार, कुठे अडले? आता तो नेमाने येतो. मुले प्रश्न विचारतात, तो फळ्यावर पुन्हा मांडून दाखवतो.

बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या तासाला येत, असे चरित्रकार सांगतात. पीएच.डी. करणाऱ्या मुला-मुलींनो, पदवी मिळवाच. पण मागच्या बाकावरच्या मुलाला समजेल असे शिकवायलाही शिका. तो मुलगा आपलाच आहे.