मुलांमुलांतलं म्हणून सोडून देऊ नका

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं आहे. आता सहली, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलनाच्या तालमी. बहुतेक मुलांना हे दिवस संपूच नयेत असं वाटतं. वर्गातल्या एखाददुसऱ्या मुलाला मात्र ते नकोसे होतात, कारण बाई-सर धावपळीत असतात आणि बसच्या मागच्या बाकांवर काय चाललंय ते कोणी पाहत नाही. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना ही विनंती आत्ताच करायची आहे: आपल्या मुलाला शाळेत कोणी छळतंय का, आणि आपलं मूल कोणाला छळतंय का, याचा तपास याच आठवड्यात करा.

तक्रार येण्याची वाट पाहू नका, ती बहुधा येत नाही. सांगितलं तर ‘तू काय केलं होतंस?’ असं घरी विचारतील, किंवा ‘तूही एक ठेवून द्यायची’ असा सल्ला मिळेल, हे मुलाला ठाऊक असतं. आई शाळेत जाऊन भांडली, तर उद्या दुप्पट त्रास होईल, हेही. मग बोलतं ते दप्तर. पट्टी, कंपास, खाऊचे पैसे पुन्हा पुन्हा ‘हरवतात’. डबा तसाच परत येतो. नाहीतर डबा रिकामा असूनही मूल घरी आल्यावर भुकेनं तुटून पडतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखू लागतं. रिक्षा किंवा व्हॅन अचानक नकोशी होते, तुकडी बदलून मागितली जाते. आणि एक खूण सहज निसटते: शाळेतून आल्याआल्या मूल चप्पलही न काढता मोरीकडे धावतं. दिवसभर लघवी दाबून ठेवलेली असते, कारण शाळेचं स्वच्छतागृहच त्याला धोक्याचं वाटतं. यातली एखादी खूण एकदाच दिसली म्हणून घाबरायला नको. तीच ती पुन्हा दिसू लागली, तर शांतपणे जवळ घेऊन बसा.

मुलांची भांडणं होणारच. आज कट्टी, उद्या बट्टी. त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये हेच बरं. पण रोज तेच मूल लक्ष्य होत असेल आणि समोरचे अंगानं, संख्येनं किंवा वजनानं भारी असतील, तर त्याला भांडण म्हणता येणार नाही. कधी निमित्त रंगाचं असतं, कधी जाडीचं, तोतरेपणाचं, गावाकडच्या बोलीचं. आडनावावरून जात काढून हिणवणंही आपल्या शाळांतून गेलेलं नाही. मुलींमध्ये अनेकदा हातही उचलला जात नाही. ‘तिच्याशी कोणी बोलायचं नाही’ एवढा हुकूम पुरतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं की काम झालं. स्नेहसंमेलनातल्या फिशपाँडचंही एकदा बघाच. व्यासपीठावरून, माइकवर, शिक्षकांच्या देखत एखाद्याच्या चष्म्यावर किंवा ढेरीवर वाचलेली चारोळी ही गंमत नाही. तिथून पुढे ते नाव वर्षभर चिकटतं. चिठ्ठ्या आधी वाचून निवडायच्या नसतील, तर तो कार्यक्रमच वगळा.

आपण छळणाऱ्याकडे आणि छळल्या जाणाऱ्याकडे बघतो, बघ्यांना विसरतो. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर प्रत्यक्ष चित्रीकरण करून २००१मध्ये निष्कर्ष मांडले होते. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण कोणीतरी मध्ये पडलं ते १९ टक्के प्रसंगांत. आणि जिथे मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. म्हणून आपल्या मुलाला आज एवढं सांगा: अंगावर धावून जायचं नाही, पण हसायचंही नाही, त्या मुलाला ‘चल रे’ म्हणून बाजूला न्यायचं आणि बाईंना सांगायचं. सांगणाऱ्याला ‘चुगलखोर’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी तो शब्द आता टाकावा.

मुख्याध्यापकांनाही काही सांगायचं आहे. दोघांना वर्गासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळवा’ करू नका. दुबळ्या मुलाचे हाल त्यानंतर वाढतात. दोघांशी वेगवेगळं बोला. मधल्या सुट्टीत जिना आणि स्वच्छतागृहाबाहेर कोणीतरी उभं असू द्या. महाराष्ट्रातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी २०२२पासून सखी सावित्री समित्या आहेत, तक्रारपेट्याही आहेत; समिती कागदावरच नाही ना आणि पेटी शेवटची कधी उघडली, हे पालकांनी विचारावं. नॉर्वेनं १९८३मध्ये शाळांतल्या छळाविरुद्ध देशभर मोहीम घेतली, ती आदल्या वर्षी तीन मुलांनी जीव दिल्यानंतर. आपण तिथवर थांबायचं कारण नाही.

आपलंच मूल त्रास देतंय असं कळलं, तर ‘आमचा तसा नाही’ हे वाक्य गिळा. त्याला बडवूही नका. मारानं वश करता येतं, हेच तो त्यातून पुन्हा शिकेल.

आणि मूल त्रास सोसत असेल, तर त्याचा फोन काढून घेऊ नका, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा. फाटकावर दुसऱ्या पालकांशी भांडू नका. तारीख, जागा, काय घडलं ते लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि पोच घ्या. आठवडाभरात हालचाल झाली नाही, तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे न्या. मूल ‘मला जगायचं नाही’ असं एकदा जरी म्हणालं, तर आठवडा सोडाच, तासभरही थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच फोन करा: मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६.