इष्टांक शिल्लक नाही

लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी व्हायला फारसा वेळ लागत नाही. अर्ज, लग्नपत्रिका, आधारची झेरॉक्स दिली की तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग नाव कमी केल्याचा दाखला हातात ठेवतो. तो घेऊन ती सासरच्या तालुक्याला जाते. तिथे कार्डावर तिचं नाव चढतंही. पण घरातलं कुणी कंट्रोलच्या दुकानात गेलं की पॉस मशीनमधून निघालेल्या पावतीवर धान्य मात्र पहिल्याइतकंच. विचारलं तर उत्तर मिळतं: इष्टांक शिल्लक नाही. माहेरी तिच्या नावाचं पाच किलो बंद झालेलं असतं आणि सासरी ते सुरू झालेलं नसतं. वर्ष-दीड वर्षात मूल होतं, त्याचंही नाव त्याच रांगेत जाऊन थांबतं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याच्या १३व्या कलमानुसार घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानली जाते. बाईच्या नावाने कार्ड असावं असा आग्रह धरणाऱ्या या कायद्याच्या अंमलबजावणीत घर बदललं म्हणून बाईचाच घास अडतो, हे महाराष्ट्रासारख्या राज्याला शोभत नाही.

अडतो कुठे, ते नीट पाहायला हवं. कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोचवायचं ठरवलं. प्रत्येक राज्याचा वाटा केंद्राने काढून दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के, शहरी भागात ४५.३४ टक्के, मिळून ७ कोटी १६ हजार माणसं आली. १ फेब्रुवारी २०१४ पासून राज्यात कायदा लागू झाला आणि हा आकडा जिल्हा, तालुका असा वाटला गेला. तोच इष्टांक. आकडा काढला २०११ च्या जनगणनेवरून. त्या वेळी राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडाही हलला नाही. २०११ साली जन्मलेली मुलं दहावीपर्यंत पोचली, राज्याची लोकसंख्या अधिकृत अंदाजांनुसार साडेबारा कोटींच्या पुढे गेली, तरी धान्य खाणारी तोंडं सरकारी हिशेबात सात कोटीच राहिली.

जुनंच प्रमाण आजच्या लोकसंख्येला लावून पाहिलं, तर पाऊण कोटीहून अधिक माणसं बाहेर राहिलेली दिसतात. हिशेब ढोबळ आहे. गावाकडून शहराकडे सरकलेल्या लोकसंख्येमुळे तो थोडा खाली येईल. पण लाखांच्या घरातली भूक एखाद-दुसऱ्या टक्क्याने झाकली जात नाही. देशभरात असे दहा कोटींहून अधिक लोक वंचित असल्याचा अंदाज अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच मांडला होता.

आता नवं नाव लागायचं तर आधी जुनं नाव जावं लागतं. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, कुणाचं ई-केवायसी राहिलं की जागा होते. म्हणजे एका गरिबाच्या ताटाची वाट दुसऱ्या गरिबाच्या ताटावरून जाते. कायद्याने हक्क म्हणून दिलेली गोष्ट जागा रिकामी होण्याच्या भरवशावर सोडून चालत नाही.

इष्टांकाइतकीच जाचक आहे ती उत्पन्नाची मर्यादा. प्राधान्य कुटुंबात, म्हणजे या कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळणाऱ्या गटात, बसायचं तर वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपयांच्या आत हवं. कायदा लागू करताना घातलेली ही रेघ. खेड्यातल्या आख्ख्या कुटुंबाने दिवसाला १२० रुपयांत भागवायचं, असा तिचा अर्थ. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी रोज ३१२ रुपये होती. नवरा-बायको दोघंही वर्षातून ७१ दिवस त्या कामावर गेले, तर त्यांची मजुरी ४४,३०४ रुपये होते आणि मर्यादा ओलांडली जाते. उरलेले २९४ दिवस हे दोघे घरी बसून राहतील, असं समजायचं काय? शहरात तर ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. तीन-चार घरची धुणीभांडी करणारी बाई ते ओलांडते. सरकारनेच ठरवलेलं किमान वेतन एखाद्या कामगाराच्या हातात खरोखर पडलं, तर तोही अपात्र. म्हणून मग खोटा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. प्रामाणिक माणसालाही खोटं बोलायला लावणारा नियम आधी बदलला पाहिजे, दोष त्याच्या माथी मारण्यापूर्वी.

ही रेघ किती तोकडी आहे, हे त्याच सरकारच्या दुसऱ्या योजनेवरून कळतं. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागितला नाही. महिन्याला दीड हजार रुपये देताना अडीच लाखांपर्यंतचं घर गरजू ठरतं आणि माणशी पाच किलो धान्य देताना त्याच गावातलं ४५ हजारांचं घर सुस्थितीतलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

केशरी कार्डाची कहाणी याहून अवघड आहे. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांची कार्डं आली: पिवळं, केशरी, पांढरं. केशरी कार्ड एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला. अन्न सुरक्षा कायदा आल्यावर या केशरी कार्डांतच फूट पडली. काहींवर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का पडला, त्यांना धान्य सुरू झालं. बाकीच्यांचं कार्ड दवाखान्यात, शाळेत, दाखल्यांच्या कामी उपयोगी पडतं. दुकानात त्यावर काही मिळत नाही.

त्यातल्या एका गटाचा मात्र सरकारने वेगळा विचार केला होता. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, असे शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेले चौदा जिल्हे. तिथल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ, माणशी पाच किलो मिळू लागला. चांगला निर्णय होता. पुढे या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळेनासं झालं आणि जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. जून २०२४ मध्ये त्याचे १७० झाले.

१७० रुपयांत पाच किलो धान्य आणायचं तर ते किलोला ३४ रुपयांच्या आत मिळायला हवं. बाजारात भाव चढला म्हणून कंट्रोलमधल्या पाच किलोचं कधी चार किलो होत नव्हतं, पैशाचं होतं. शिवाय पैसे खात्यात आले की नाही हे कळायला बँकेत जायचं, आधार जोडलेलं नसेल तर पुन्हा जायचं, तालुक्याच्या गावी जायला-यायला एसटीचं तिकीट आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. धान्याचं पोतं गावात येत होतं. रोख रकमेचे कैवारी हा प्रवास हिशेबात धरत नाहीत.

ज्यांचं धान्य सुरू आहे, त्यांच्याही मागे कटकटी आहेत. वीटभट्टीवर, बांधकामावर, उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीनवर अंगठा लागत नाही. म्हाताऱ्यांचं तेच. मोबाइलवर ओटीपी मागवायचा तर आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. ई-केवायसीची मुदत २०२५ मध्ये पुन:पुन्हा वाढवावी लागली, ती याच कारणांनी. बोगस नावं शोधण्यासाठी ओळख पटवावी, यात गैर काही नाही. पण मशीनला ओळखता आलं नाही म्हणजे माणूस बोगस, हा निष्कर्ष जिवावर बेततो. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधार न जोडल्यामुळे तिच्या घरचं कार्ड रद्द झालं होतं. मृत्यूचं कारण भूक नव्हे, आजार, असं सरकार म्हणालं. कार्ड रद्द झालं होतं, याबद्दल मात्र वाद नव्हता.

स्थलांतर करणाऱ्यांसाठी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती राज्याबाहेर सुरू झाली तेव्हा पहिल्या जोड्यांपैकी एक महाराष्ट्र आणि गुजरातची होती. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूर-सांगलीत, रायगडचा कातकरी भट्टीवर जिथे असेल तिथे धान्य उचलू शकतो. योजना खरोखर कामाची आहे. फक्त कार्डावर धान्य सुरू असायला हवं. ज्याचं नाव इष्टांकातच नाही त्याला ती गावातही उपयोगाची नाही आणि परगावीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, ई-श्रम पोर्टलवर नोंद असलेल्या पण रेशनकार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी मजुरांना तीन महिन्यांत कार्ड द्यायला सांगितलं. काम झालं नाही, तेव्हा मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने कोट्याच्या मर्यादेत न अडकता ती द्या, असं बजावलं.

फुकट धान्याने लोक आळशी झाले, शेतावर मजूर मिळत नाही, ही तक्रार गावोगावी पारावर ऐकू येते. पाच किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतातला माणूस महिन्याला सरासरी ९.६१ किलो तृणधान्य खातो असं दिसलं. रेशनने त्यातला जेमतेम अर्धा भाग भागतो. डाळ, तेल, मीठ-मिरची, गॅस, औषध, शाळेची वही, सगळं कमवूनच आणावं लागतं. एवढ्या धान्यावर कुणी कामाला जायचं थांबलं असेल, तर त्या कामाचा रोज किती होता हे आधी विचारायला हवं.

दुसरी तक्रार खरी आहे: बंगला, चारचाकी असलेल्यांची नावं यादीत आहेत. ती काढलीच पाहिजेत. मात्र काढलेल्या प्रत्येक नावाच्या जागी त्याच तालुक्यातलं प्रतीक्षेतलं नाव त्याच महिन्यात लागलं पाहिजे आणि प्रतीक्षायादी चावडीवर लावलेली असली पाहिजे. आज कोण कितव्या क्रमांकावर आहे हे दुकानदाराला सांगता येत नाही, अर्जदाराला कळत नाही. नकार बहुधा तोंडी मिळतो. तोंडी नकारावर ना अपील करता येतं, ना जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

केंद्राने आकडा वाढवला नाही म्हणून राज्याचे हात बांधलेले आहेत, हे म्हणणं टिकत नाही. तामिळनाडूने सार्वत्रिक रेशन कधी सोडलंच नाही. तिथे जून २०११ पासून तांदूळ मोफत आहे. छत्तीसगडने केंद्राच्या आधी, २०१२ मध्येच स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला. ओडिशाने २०१८ मध्ये केंद्राच्या यादीतून सुटलेल्या २५ लाख लोकांसाठी राज्याच्या पैशातून योजना सुरू केली. ओडिशा महाराष्ट्राहून श्रीमंत नाही.

खर्चाचा अंदाज राज्याच्याच दराने करता येतो. चौदा जिल्ह्यांसाठी ठरवलेले माणशी १७० रुपये धरले आणि बाहेर राहिलेले ७८ लाख लोक धरले, तर वर्षाला सुमारे १,६०० कोटी रुपये लागतील. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. बायकांच्या हातात पैसा आला हे चांगलंच झालं. त्यातला एक रुपयाही कमी करा असं इथे म्हणायचं नाही. एवढी तरतूद करू शकणाऱ्या राज्याला त्याच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा कमी रक्कम धान्यासाठी काढता येत नाही, हे मात्र पटत नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यानंतर आकडे प्रसिद्ध व्हायचे, केंद्राने राज्यांचे वाटे नव्याने ठरवायचे, राज्याने ते तालुक्यांना वाटायचे. तोवर थांबायचं कारण नाही. उत्पन्नाची मर्यादा बदलण्यासाठी तर जनगणनाही लागत नाही, शासन निर्णय पुरतो. ती निदान केशरी कार्डाच्या एक लाखापर्यंत नेता येईल. इष्टांकाबाहेरच्यांना राज्याच्या खर्चाने धान्य द्यायचं झालं तर सुरुवात ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम मजुरांपासून करावी. त्यांना शोधत फिरायची गरज नाही. ई-श्रमच्या नोंदी आहेत, बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी आहे, ग्रामपंचायतींकडे गाव सोडून तोडीला जाणाऱ्यांची माहिती आहे. या याद्या पुरवठा विभागाच्या यादीशी ताडून पाहायच्या आणि येत्या हंगामात टोळ्या गाव सोडण्याआधी धान्य सुरू करायचं, एवढं काम जिल्हाधिकारी कार्यालयांना झेपण्यासारखं आहे.