हळदीची वाट, तेलाची वाट

हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील निर्यातीची हळद मुंबईच्या खाडीमुखाशी कशी अडू शकते, हे ७ ऑगस्ट २०१० रोजी दिसून आले. न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरवाहू जहाज आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, सुमारे ८०० टन तेल पाण्यात मिसळले. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

याचे कारण साधे आहे. बंदरे दोन असली, तरी त्यांचा मुख्य जलमार्ग एकच आहे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी कच्चे तेल आणणारी जहाजेही याच मार्गाने जवाहर द्वीपाला लागतात. म्हणजे परदेशी जाणारी हळद आणि ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी येणारे तेल यांची वाट एकच. २०१० मध्ये सांडले ते जहाजाचे स्वतःचे इंधन होते. तेलवाहू जहाजच फुटले असते तर बंदरे किती काळ बंद राहिली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरालाही केंद्राने मंजुरी दिली; खर्च ७६ हजार कोटींहून अधिक. मच्छीमारांचा विरोध डावलून होणारे हे बंदर कंटेनरांना दुसरे दार देईल. मात्र माहुलच्या तेलाला जवाहर द्वीपाचीच वाट धरावी लागणार आहे.