हेडरची जागा ट्रॅकवर

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याच्या कड्यांत गिधाडे घरटी करतात. त्याच रस्त्यावर हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या खास नळ्यांचा संच, बसवलेल्या गाड्या गरजत जातात.

हेडरची कारागिरी खरोखर देखणी. प्रत्येक सिलिंडरची नळी सारख्या लांबीची असली, की एकीतून सुटलेला धूर दुसरीतला धूर ओढून घेतो आणि इंजिन मोकळा श्वास घेते. पण बीएस-६ पेट्रोल गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अनेकदा मॅनिफोल्डलाच, म्हणजे हेडर ज्याची जागा घेतो त्या भागालाच, जोडलेला असतो. हेडर बसवताना तोच निघाला, तर विषारी वायू थेट बाहेर. ताकद मात्र थोडीच वाढते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी-वायुप्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हौस असेल त्यांनी ट्रॅकवरच्या गाडीला हेडर लावावा. यात्रेच्या वाटेवर कंपनीचाच एक्झॉस्ट राहू द्यावा.