लाथ आणि गदा

इ.स. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी आमच्या उदगीरपाशी निजामाच्या फौजेला नमविले आणि पुढचे वर्ष उजाडते न उजाडते तोच पानिपतावर सर्वस्व गमावले. लोकस्मृतीच्या दप्तरात भाऊंची नोंद झाली ती पानिपताचे म्हणून, आणि उदगीरचा विजय शालेय इतिहासातील एका ओळीपुरता उरला. हा न्याय सेनापतींनाच लागू असतो असे मात्र नव्हे.

शिवराज राक्षे हा मल्ल मूळचा पुणे जिल्ह्यातील, परंतु महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात नांदेडचे नाव लावून उतरणारा, आणि म्हणूनच आम्हां मराठवाड्यातील लोकांना घरचा वाटणारा. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला हरवून त्याने मानाची गदा उचलली, तेव्हा इकडे जो हर्ष झाला तो यथार्थच होता. पुढे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी गटाच्या निर्णायक कुस्तीत पंचांनी त्याला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरविले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते अशी त्याची फिर्याद होती. आणि त्या फिर्यादीचा इन्साफ होण्यापूर्वीच त्याने पंचांची कॉलर धरली व त्यांना लाथ मारली. त्याच स्पर्धेतील अंतिम कुस्ती अर्धवट टाकून गेलेल्या महेंद्र गायकवाडसह त्याच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. पंचावर पाय उगारणे अक्षम्यच होय, कारण पंचाचा शब्द चालत नाही त्या आखाड्यात कुस्ती उरत नाही, मारामारी उरते.

आज उदगीरच्या मोंढ्यात राक्षेचे नाव काढावे, तर निंदक आणि कैवारी दोघेही एकाच वाक्याने आरंभ करतात : ‘लाथ मारली की हो पंचाला!’ निंदक तेथेच थांबतो. कैवारी पुढे ‘पण निर्णयच चुकला होता’ अशी पुस्ती जोडतो. २०२३ ची गदा दोघांच्याही तोंडी येत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, खांदे टेकले होते की नव्हते, हा जो मूळ मुद्दा, ज्याच्यापायी हा सारा अनर्थ ओढवला, तोच त्या एका लाथेखाली गाडला गेला. फिर्यादीने स्वतःच आपला दावा निकालात काढावा, असा हा प्रकार झाला.

याच्या नेमके उलट नरसिंग यादवचे. मुंबईत घडलेला हा मल्ल २०११ पासून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला, २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकचा हक्कदार ठरला, आणि त्याच्या शरीरात मेथॅन्डिनोन हे निषिद्ध द्रव्य सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणी ते मिसळले, ही त्याची कैफियत देशातील उत्तेजकविरोधी यंत्रणेने मान्य केली. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मात्र ती फेटाळली आणि १८ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याची कुस्ती उद्यावर आली असताना, चार वर्षांची बंदी घातली. कागदोपत्री पाहिले तर हा दोष राक्षेच्या दोषाहून गंभीर आणि शिक्षाही अधिक कडक. तरीही तालमींतून आजतागायत ऐकू येते ते एवढेच, की ‘त्याला फसवलं.’ राक्षेच्या बाबतीत जनतेने कृत्य ठेवले व कारण टाकले. नरसिंगच्या बाबतीत कारण ठेवले व कृत्य टाकले. प्रयोगशाळेच्या नळीतील द्रव्य कोणाच्या दृष्टीस पडले नाही. लाथ मात्र ज्याच्या त्याच्या मोबाईलवर, हवी तेव्हा व हवी तितक्यांदा, पुन्हा मारली जाते. दोषाच्या गांभीर्यापेक्षा त्याची दृश्यता लोकस्मृती ठरविते, असे माझे मत आहे. आणि नरसिंगला मिळालेली माफीही मला राक्षेला मिळालेल्या शिक्षेइतकीच अविचारी वाटते.

निष्कलंक राहिल्याने तरी काय साधते म्हणा! आमच्याच जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली, पुढे वस्ताद म्हणून मल्लांची एक पिढी घडविली. त्यांचे नाव विशीतल्या पोराला विचारून पाहावे.

कुस्तीगीर संघटनेने अशा वादाची चित्रफीत, पंचांचे म्हणणे आणि मल्लाची कैफियत एकत्र प्रसिद्ध करण्याचा शिरस्ता पाडला, तर खांद्यांचा प्रश्न निदान दप्तरात तरी जिवंत राहील. आणि राक्षे आमच्या बाजूच्या एखाद्या जत्रेत लंगोट बांधून उतरेल, तेव्हा निवेदकाने २०२३ ची गदा मोठ्याने पुकारावी. लाथ पुकारण्याचे कारण नाही. ती प्रेक्षक खिशात घेऊनच येतील.