दगड वर थांबतो तेव्हा...

बोरीहून सकाळची एस.टी. धरून महाविद्यालयात जाणारी आमच्या गावची मुले पाहिली, की मला माझेच जुने तास आठवतात. मी पदार्थविज्ञान शिकवीत असे. मी बोलायचो, फळा भरायचा, मुले उतरवून घ्यायची. तास उत्तम झाला, असे मला वाटे. मुलांना काय उमगले, हे मात्र परीक्षेपर्यंत कळत नसे. खरे तर तेव्हाही नाही.

निवृत्तीनंतर गावी आलो. संक्रांतीच्या सुमारास बी.एस्सी.ची पाच-सहा मुले ओसरीवर बसली होती. समोर बारकी पोरे बोरीच्या झाडावर दगड मारीत होती. मी सहज विचारले, ''सरळ वर फेकलेला दगड टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचे त्वरण किती?'' त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. ''शून्य!'' बहुतेकांनी ठामपणे सांगितले. सूत्र सगळ्यांना पाठ होते.

मी उत्तर दिले नाही. ''एकमेकांना पटवा,'' एवढेच म्हणालो. गलका झाला. अखेर एक मुलगी म्हणाली, ''अरे, वेगबी शून्य आन् त्वरणबी शून्य, तर दगड वरच लटकून राहील की!'' पृथ्वी टोकालाही खेचतच असते, हे मी फळ्यावर लिहून जितके पटवू शकलो नव्हतो, तितके तिने एका वाक्यात पटवले.

हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझूर यांनाही १९९०च्या सुमारास असाच धक्का बसला. अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी साध्या प्रश्नांवर अडत. मग त्यांनी क्रम बदलला : आधी प्रश्न, मग प्रत्येकाचे स्वतःचे उत्तर, शेजाऱ्याशी वाद आणि शेवटी खुलासा. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते. मुलांना विचाराला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के.

''पण पोर्शन कधी संपवायचा?'' प्राध्यापक मित्र विचारतात. अडचण खरी आहे. परंतु संपतो तो पोर्शन कुणाचा, आपला की मुलांचा? सगळा तास बदलायला नको, दहा मिनिटे पुरेत. त्यासाठी महागडी प्रयोगशाळाही लागत नाही. लागते ती शिक्षकाची थोडा वेळ गप्प राहण्याची तयारी. कापसाच्या पैशातून फी भरणाऱ्या बापाचा त्या दहा मिनिटांवर हक्क आहे.