रोप वाचवायचे की मथळा?

२८ सप्टेंबर २०२१ रोजी रायपूरजवळच्या बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे नवे संकुल पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे राष्ट्राला अर्पण केले. त्याच समारंभात विशेष गुणधर्मांचे ३५ पीकवाणही देशाला मिळाले. त्या दिवशीच्या बातम्या वाण, जनुके आणि हवामानबदल यांनी भरून गेल्या होत्या. त्यात गैर काहीच नव्हते. आक्षेप आहे तो आपण वाचकांनी लावून घेतलेल्या सवयीवर. विज्ञान म्हणजे नवी वस्तू, नवी इमारत, नवे रेणू, असे आपण धरून चालतो. जुनी, सिद्ध झालेली आणि तरीही शेतापर्यंत न पोहोचलेली गोष्ट आपल्या लेखी बातमीच नसते.

‘जैविक ताण’ हा शब्द मोठा भारदस्त आहे. कीड, रोग आणि तण यांच्यामुळे पिकावर येणारे संकट, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे सर्वांत लहान आणि सर्वांत करुण उदाहरण पाहायचे असेल तर पावसाळा सरताना गादीवाफ्यावर उभे असलेले कोबीचे चार पानांचे रोप पाहावे. रायपूर हा धानाचा मुलूख. पण घरामागच्या बाडीत आणि खारून नदीच्या काठच्या मळ्यांत हिवाळ्याची भाजी याच रोपांतून उभी राहते. मोठ्या गड्ड्याची चार पाने कुरतडली गेली तरी गड्डा बाजारात जातो. रोपाचा शेंडा मात्र एकदा पोखरला गेला की गड्डा धरतच नाही. धरले तर बाजूने दोन-तीन खुरटे कोंब फुटतात. थोडक्यात, पिकाचे भवितव्य पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच ठरून जाते. आणि नेमक्या याच आठवड्यांकडे पाहायला आपल्या विज्ञानवार्तेला सवड नाही.

शत्रू कोण, हेही पाहू. पिसू भुंगेरे, मावा, शेंडा पोखरणारी अळी, मोहरीवरील काळी माशी हे सारे आहेतच. पण या कुळाचा जगभरचा मुख्य वैरी म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग, प्लुटेला झायलोस्टेला. पंख मिटून बसलेला हा करड्या रंगाचा जीव जेमतेम बोटाच्या पेराएवढाही नसतो. त्याची नवजात अळी आधी पानाच्या आत शिरते, मग बाहेर येऊन खालच्या बाजूने पान खरवडते आणि वरचा पारदर्शक पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत संपतो. म्हणजे एका हंगामात अनेक पिढ्या होतात, आणि जितक्या पिढ्या, तितक्या वेळा निवडीची चाळणी फिरते.

ही चाळणी आपणच फिरवतो. १९५३ साली जावा बेटावर या पतंगाने डीडीटीला दाद देणे थांबवल्याची नोंद झाली. भारतात १९६०च्या दशकातच लुधियाना परिसरातून तशीच नोंद आली. नंतर फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आली, मग पायरेथ्रॉइड आली. पतंगाने एकेक करून साऱ्यांना पचवले. जिवाणूजन्य बीटी फवारा तरी टिकेल असे वाटत होते, पण १९९० साली हवाई बेटांवरील शेतांतून बीटीलाही न जुमानणाऱ्या पतंगांचे वृत्त आले. बीटीला शेतात प्रतिकार दाखवणारी ही पहिली कीड ठरली. २०१२च्या एका अभ्यासानुसार या एकट्या किडीपायी जगाला दरवर्षी चार ते पाच अब्ज डॉलरची झळ बसते. साठ-सत्तर वर्षे तोच धडा पुन्हा पुन्हा मिळूनही कृषी सेवा केंद्राच्या दारात ‘नवीन काय आले?’ हाच प्रश्न विचारला जात असेल, तर दोष शेतकऱ्याचा नाही. त्याच्यापर्यंत दुसरे उत्तर पोहोचवण्याचे काम ज्यांचे होते, त्यांचा तो दोष आहे.

दुसरे उत्तर आहे. बंगळूरूच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेत के. श्रीनिवासन आणि पी. एन. कृष्णमूर्ती यांनी ते शोधले आणि १९९१ साली प्रसिद्ध केले. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक कोबी लावण्याच्या पंधरा दिवस आधी, दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंग मोहरीकडे ओढला जातो आणि अंडी तिथे घालतो. यामागचे रसायन मोठे मनोरंजक आहे. कोबी आणि मोहरीच्या कुळातील वनस्पती पान चावले जाताच तिखट, विषारी द्रव्य तयार करतात. मोहरी वाटल्यावर नाकाला झोंबते तेच हे. बहुतेक कीटक त्यापासून पळतात. या पतंगाच्या अळीकडे मात्र ते द्रव्य तयार होण्याआधीच त्याचा मूळ घटक निकामी करणारे विकर असते. म्हणून जो वास इतरांना ‘जवळ येऊ नका’ असे बजावतो, तोच या पतंगाला घराचा पत्ता सांगतो. शत्रूच्या या ओढीचाच सापळा करणे, हे प्रयोगशाळेतील कोणत्याही यंत्राइतकेच अस्सल विज्ञान आहे.

जाळीचेही तसेच. पेरणीच्याच दिवशी गादीवाफ्यावर बारीक विणीची नायलॉन जाळी ताणली तर पतंग रोपापर्यंत पोहोचतच नाही. मात्र ‘त्याच दिवशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आठवडाभराने जाळी घालणे म्हणजे चोराला घरात घेऊन कडी लावणे. आतल्या किडीला मग तिच्या शत्रूंपासूनही संरक्षण मिळते. वाफा उंच नसेल, पाणी साचत असेल, तर जाळीखालच्या दमट हवेत रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. म्हणजे साधन स्वस्त आहे, पण ते वापरण्याचे ज्ञान स्वस्त नाही. ते कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

आता दोन्ही बाजूंच्या भक्तांशी बोलू.

पहिली बाजू तंत्रज्ञानाच्या उत्सवाची. २०१७ साली न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जनुकीय बदल केलेले नर पतंग शेतात सोडले. त्यांच्यापासून होणारी मादी संतती अळी अवस्थेतच मरते. हे संशोधन सुंदर आहे, आणि २०२० साली त्याची बातमी जगभर गाजली ती योग्यच. पण बाडीतल्या दोन गुंठ्यांच्या वाफ्याला ते आज काय देते? ड्रोनचेही तेच. अळी पानाच्या खालच्या बाजूला, थेंब वरून पडणारे, आणि कोबीच्या मेणचट पानावरून ते घरंगळणारे. यंत्र आकाशात उडते म्हणून अडचण जमिनीवरून नाहीशी होत नाही.

दुसरी बाजू परंपरेच्या उत्सवाची. छत्तीसगड शासनाने २८ जुलै २०२२ रोजी, हरेलीच्या दिवशी, चार रुपये लिटर दराने गोमूत्राची खरेदी सुरू केली आणि त्यापासून ‘ब्रह्मास्त्र’ नावाचे कीडनियंत्रक बनवण्याचे काम बचत गटांकडे दिले. हे नाव आपल्या विदर्भाला नवे नाही. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीने ते घरोघरी नेले. गटांतील बायांच्या हाताला काम मिळाले, हे चांगलेच. कडुनिंबाचा गुणही खरा आहे. निंबोळी अर्काचा उपयोग कोबीवर प्रयोगांनी तपासलेला आहे. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. कोणत्या किडीवर, रोपाच्या कोणत्या वयात, किती प्रमाणात, नुसते पाणी फवारलेल्या वाफ्याच्या तुलनेत किती फरक पडला, हे चार प्रश्न कंपनीच्या बाटलीला विचारायचे आणि गटाच्या कॅनला विचारायचे नाहीत, हा न्याय नव्हे.

हीच कसोटी माझ्या आवडत्या मोहरीलाही लागू आहे. परदेशातील काही प्रयोगांत मोहरीच्या ओळींचा अपेक्षित लाभ दिसला नाही. मोहरीवर जमलेल्या अळ्यांचा वेळीच नायनाट केला नाही, तर सापळ्याचे पाळणाघर होते, हेही खरे. म्हणूनच मागणी अशी की हे सारे रायपूरच्या मातीत, इथल्या हवेत, शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत तपासले जावे आणि निष्कर्ष, यश असो वा अपयश, सर्वांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत. जैविक ताणाची राष्ट्रीय संस्था ज्या गावाशेजारी आहे आणि १९८७पासून इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ ज्या शहरात आहे, तिथे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

‘शेतकऱ्याला वेळ नसतो, फवारा सोपा पडतो,’ असे उत्तर येईल. फवारा सोपा आहे हे खरे. पण त्याची किंमत तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावली. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५पासून बंदी आहे, पण ती पाळली जाते की नाही हे बाजारात भाजी निवडणाऱ्याला पानाकडे पाहून कळत नाही. आणि जे मित्रकीटक अळीच्या अंगात आपली अंडी घालून तिला संपवतात, ते या फवाऱ्यात सर्वांत आधी मरतात. मग उरते ती प्रतिकारक्षम कीड, तिचे शत्रू वजा करून.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम आहे. या हिवाळ्यात एक वाफा निवडा. अर्ध्यावर पहिल्या दिवसापासून जाळी, अर्धा उघडा. दर आठवड्याला दोन्हीकडची वीस-वीस रोपे उलटून अळ्या मोजा, वहीत लिहा, आणि पाच आठवड्यांनी किती रोपांचे शेंडे शाबूत आहेत ते सांगा. तुमच्या त्या वहीला मथळा मिळणार नाही. पण पुढची ‘क्रांतिकारी’ बातमी वाचताना तुम्ही पहिला प्रश्न विचाराल: कशाच्या तुलनेत? ज्या देशातले विद्यार्थी हा प्रश्न विचारायला शिकतात, तिथल्या बातम्यांनाही हळूहळू शहाणे व्हावे लागते.